स्क्रॅचचं बटण

चाकणच्या कारखान्यातून फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि मी चिंचवडच्या आमच्या ऑफिसात नुकतीच येऊन टेकले होते. फोनवर तिथले क्वालिटी मॅनेजर होते.

"मॅडम, नवी स्क्रीन आली आणि तीन दिवस आमची वाट लागलीय. दुपारी दोनला ग्राहक कंपनीची माणसं येतायत. तुम्ही आत्ताच्या आत्ता निघा."

ती स्क्रीन मीच केली होती. आमची कंपनी लहान, जेमतेम आठ जणांची. कारखान्यांत लाईनवर जे कॉम्प्युटर बसवलेले असतात, त्यांची सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. या कारखान्यात इंजिनची ॲल्युमिनियमची झाकणं तयार होतात. शेवटच्या टेबलावर एक बाई प्रत्येक झाकण उलटसुलट करून तपासतात आणि दोष दिसला की समोरच्या टच स्क्रीनवर त्या दोषाचं बटण दाबतात. आधी बारा दोष होते, बारा बटणं. मग ग्राहकाने नवी यादी पाठवली आणि दोष एकदम एकतीस झाले. तेवढी बटणं स्क्रीनवर मावेनात. बारीक केली तर हातमोज्यातल्या बोटाखाली दोन-दोन दाबली जात. म्हणून ठरलं की बटणांचा गट सरकता करायचा. बोटाने वर ओढलं की खालची बटणं वर यावीत.

ऐकायला सोपं वाटलं, पण माझे दोन दिवस त्यात गेले. बटणं एका चौकटीत टाकली तर चौकटच लांबत स्क्रीनच्या खाली निघून गेली. चौकटीची उंची पक्की केली तर आतली बटणं चेपून बसली. शेवटी आत बटणांची लांब पट्टी आणि तिचा थोडाच भाग दाखवणारी बाहेरची चौकट, असं जमलं. माझ्या टेबलावर माऊसने ओढून पाहिलं, यादी छान सरकली. तिथूनच नेटवरून त्यांच्या कॉम्प्युटरवर चढवली. मी स्वतः कारखान्यात गेलेच नाही.

निघताना आमच्या सरांनी मला थांबवलं. "ऑपरेटरची चूक आहे असं त्यांचंच म्हणणं आहे. आपलं सॉफ्टवेअर ठीक आहे एवढं बघ, तसा मेल टाक आणि ये. उगाच नवीन काही उकरू नकोस."

मोशीच्या पुढे कंटेनर आडवा झाला होता. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबलेल्या. मी स्कूटर मातीतून, गटाराच्या कडेकडेने काढली. कारखान्याच्या गेटवर पोचेपर्यंत पावणेअकरा झाले. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावलं, पास लिहिला, सेफ्टी शूज दिले ते दोन नंबर मोठे. तेच घालून फटफट आवाज करत आत गेले.

लाईन थांबलेली होती. टेबलाशेजारी लाल क्रेट एकावर एक रचले होते. तपासणाऱ्या मावशी हात बांधून उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, कंत्राटावरच्या. बोलण्यावरून परभणीकडच्या वाटल्या.

मॅनेजर म्हणाले, "हे बघा. तीन दिवसांत स्क्रॅचच्या नोंदींचा नुसता ढीग. आणि हे नाकारलेले पीस परत काढून बघितले तर एकावर ओरखडा नाही! मावशींना स्क्रीन जमत नाही, दुसरं काय? मी त्यांना वॉर्निंग लेटर काढलंय. तुम्ही फक्त सॉफ्टवेअर ओके आहे असं लेखी द्या, म्हणजे ग्राहकाला दाखवता येईल."

"म्या स्क्रॅच दाबलंच नाई," मावशी म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, स्क्रीनकडे बघत.

लेटर टेबलावर, क्लिपबोर्डला लावलेलं होतं. सही अजून झालेली नव्हती. आमचे वडील दापोडीहून सायकलने कंपनीत जायचे. त्यांना एकदा असा कागद मिळाला होता, कुणा दुसऱ्याच्या चुकीचा. आठवडाभर ते जेवताना कुणाशी बोलले नव्हते. मी तेव्हा पाचवीत असेन.

"मावशी, नेहमी करता तसं करून दाखवा ना," मी म्हटलं.

त्यांनी एक झाकण उचललं, दिव्याखाली फिरवलं, कडेवरून अंगठा नेला. कडेला बर होती, म्हणजे कापताना राहून गेलेली धातूची धारदार किनार. तिचं बटण खालच्या बाजूला, न दिसणारं. त्यांनी बोट यादीच्या तळाला ठेवलं आणि वर सरकवलं. यादी वर गेली. बोट उचललं. त्याच क्षणी बोटाखालचं बटण डोळा मिटून उघडावा इतका वेळ निळं झालं आणि परत राखाडी झालं. मावशींची नजर तोवर नव्याने वर आलेल्या बटणांवर गेली होती. त्यांनी बरचं बटण शोधून दाबलं.

निळं झालेलं बटण स्क्रॅचचं होतं.

मला सगळं एकदम कळलं. दिसणाऱ्या यादीत सगळ्यात खालचं बटण स्क्रॅचचं, म्हणून ओढायची सुरुवात त्याच्यावरूनच होत होती. यादी बोटाबरोबर सरकत होती, त्यामुळे बोट उचललं जाई तेव्हाही ते बटण बोटाखालीच असे. कॉम्प्युटरला वाटे, दाबलं. माऊसचं टोक दोन बटणांच्या मधल्या फटीत धरता येतं. मी ऑफिसात तसंच धरून ओढलं होतं. हातमोज्यातलं बोट त्या फटीत कसं मावणार?

आणि हे माझ्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. मॅनेजर फोनवर होते.

मी पाण्याच्या कूलरपाशी गेले आणि सरांना फोन लावला. काय होतंय ते सांगितलं. ते म्हणाले, "आज ग्राहक येऊन जाऊ दे. पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप दुरुस्त कर. आज कबूल केलंस तर हे काम आपल्या हातातून जाईल."

"सर, त्या बाईंना लेटर देतायत."

"कंत्राटी माणसांना अशी लेटर मिळतच असतात."

मी परत आले. मेल उघडला, 'सॉफ्टवेअरची तपासणी केली असता' इथपर्यंत लिहिला. मॅनेजरांनी फोन खिशात टाकला, पेन काढलं आणि मावशींपुढे धरलं. मावशींनी हातमोजा काढायला सुरुवात केली.

"थांबा," मी म्हटलं. आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडच्या मशीनवरची माणसं वळली. "चूक माझी आहे. यादी सरकवली की स्क्रॅचचं बटण आपोआप दाबलं जातंय. मी दाखवते."

तीनदा करून दाखवलं. मॅनेजरांची कानशिलं लाल झाली. ते मला ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, "दोनपर्यंत होईल?"

बारा वाजून गेले होते. मी उलट्या क्रेटवर लॅपटॉप ठेवला आणि तिथेच कोड बदलायला घेतला. बोट ठेवल्यापासून उचलेपर्यंत ठरावीक अंतरापेक्षा जास्त सरकलं, तर ते दाबणं धरायचं नाही. मावशींना करून बघायला सांगितलं. आता उलटंच झालं, खरंखुरं दाबलेलंही लागेना. जाड हातमोज्यात बोट दाबतानाही थोडं घसरतं. अंतर वाढवलं, तर स्क्रॅच पुन्हा निळं. कमी केलं, पुन्हा वाढवलं. मावशी दर वेळी दाबत होत्या, सरकवत होत्या. मॅनेजर दर दहा मिनिटांनी येऊन घड्याळ बघून जात. एकच्या पुढे मी यादीच्या बाजूला वर-खाली करायला दोन मोठे बाणही टाकले, म्हणजे ओढायची गरजच नको. पावणेदोनला मावशींनी ओळीने दहा-बारा झाकणं तपासली. एकही चुकीची नोंद नाही.

"जमलं," मी म्हटलं.

तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता काही बरं बोलतील.

"तीन दिवस झालं म्या सांगायलेय, बटण आपोआप लागतंय म्हणून. कुणी ऐकलं का? तुमी तरी कवा आलात?"

मी लॅपटॉप मिटला.

"आन् तो कागद फाडायला सांगा त्यायला."

मी मॅनेजरांना सांगितलं. ते म्हणाले, सही नाही झालेली, राहू द्या, काही होत नाही. मावशी हलल्या नाहीत. गेटवरून ग्राहकाची गाडी आल्याचा फोन आला. मावशी झाकणाला हात लावेनात. मॅनेजरांनी दाराकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, मग क्लिपबोर्डचा कागद ओढून काढला, चार तुकडे केले आणि खिशात कोंबले. मावशींनी हातमोजा चढवला.

ग्राहकाच्या माणसांना मॅनेजरांनी खरं काय ते सांगितलं. लाल क्रेटमधले सगळे पीस पुन्हा तपासायचं ठरलं, ते काम दोन शिफ्ट पुरलं. काम आमच्या हातातून गेलं नाही. सर मात्र पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले आणि पुढच्या कारखान्याची स्क्रीन दुसऱ्याला दिली.

मी निघताना मावशींनी हाक मारून सांगितलं होतं, बरचं बटण पहिल्या ओळीत घ्या, तेच सारखं लागतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते वर घेतलं आणि कळवायला लाईनवर फोन केला. फोन दुसऱ्याच कुणीतरी उचलला. मावशींची त्या दिवशी आठवड्याची सुट्टी होती. बरचं बटण वर आलंय एवढं त्यांना सांगा, असं म्हणून मी फोन ठेवला.