भांडणाची अंगाई

पाळणाघर चालवलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते अंगावरच ओकले जातात! सानपाड्यात आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी धाकटी जाऊ मंगल पोरं सांभाळतो. एक किस्सा धुऊन वाळत घालतो, तोवर दुसरा तयार.

*

टॉवरमधली अनू घ्या. घरात आई-बाप दोघंच, त्यातही बाप सदा टूरवर. आईशिवाय जगात माणसं असतात हेच पोरीला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी दाराकडे बघून दिवसभर रडली. संध्याकाळी आई आली, तर तोंड फिरवून मंगलच्या खांद्यात घुसली! आईच्या डोळ्यांत टचकन पाणी.

मंगल म्हणाली, "अहो, परक्यावर कोण रुसतं? तुमच्यावर हक्क आहे तिचा."

मग मायलेकी मिळून रडल्या.

*

विहान म्हणजे एकदम उलटा नग. घणसोली गावातलं भरलं घर. आजी, काकू, आत्या, वर समोरची भाडेकरूसुद्धा त्याला कडेवर घेऊन फिरायची. घर पाडून नवीन बांधायला काढलं, म्हणून आई-बाप त्याला घेऊन इकडे भाड्याने आले. पोरगं कुणाकडेही जायचं. गॅसवाला आला, तर याने त्याच्याकडे हात पसरले! तो बिचारा सिलिंडर ठेवून याला खेळवत उभा. आम्ही खूश. म्हटलं, लॉटरी लागली.

*

दुपारी कळलं, लॉटरी कसली ती. विहान झोपेचना. पडदे लावले, फोन सायलेंट केले, आम्ही दोघी खुणांनी बोलायला लागलो. पोरगं टक्क जागं, मग रडून लालबुंद. आठवडाभर हेच. त्याची आई प्रणाली बाळंतपणाच्या रजेवरून महाप्याच्या ऑफिसात नुकतीच परतलेली. रोज दुपारी तिला आमचा फोन, रोज तिचा हाफ डे.

शुक्रवारी ती म्हणाली, "ताई, सोमवारपासून फुल डे नाहीतर राजीनामा, असं साहेब म्हणालेत."

बोलताना हसत होती, पण तिला चपलेचा पट्टा लावता येईना.

*

सोमवारी विहानला सोडायला आजी आली. आमची शांत खोली बघून दारातच थबकली. "कोन मेलाय काय घरान?" म्हणाली आणि निघून गेली.

दुपारी विहानने सूर लावला. मी आधीच टेन्शनमध्ये, वरणात मीठ नाही म्हणून मंगलवर घसरले. तिने थेट स्वतःच्या लग्नातला मानपान काढला. दोघींचे आवाज चढले. बघते तर काय, विहान गाढ झोपलेला! आम्ही चाट पडून गप्प झालो, तसे त्याने डोळे उघडले.

"मंगल, बोल गं काहीतरी," मी म्हटलं.

"कुठून सुरू करू?" ती म्हणाली.

*

तेव्हापासून रोज दुपारी आमचं भांडण. अनूसुद्धा त्यात झोपायला शिकली. पण सोसायटीत बोभाटा झाला. एका दुपारी सेक्रेटरी आले, निवृत्त माणूस, अगदी मवाळ. जावांनी कसं समजुतीनं राहावं, हे हळू आवाजात सांगायला लागले. आम्ही मान खाली घालून ऐकतोय, तेवढ्यात आतून विहानचा सूर. माझा हात फोनकडे गेला. आता प्रणालीला बोलवायचं म्हणजे तिची नोकरी गेलीच. मी घाईघाईने सेक्रेटरींना सगळं सांगून टाकलं.

ते खाकरले. आणि आमच्या स्कूटरच्या पार्किंगवरून असे कडाडले की भिंतीवरचं घड्याळ हललं.

विहान झोपला. फोन करावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात सेक्रेटरी, इस्त्रीचा शर्ट घालून.

"आज कुठला विषय घ्यायचा?"