बांगडी भरणारा हात

वीसेक वर्षांपूर्वी मी घनसावंगीहून जालन्याच्या शाळेत शिकवायला जायची. सकाळच्या एसटीत एक कासारीण रोज माझ्या शेजारी बसायची. ती जुन्या जालन्यात बांगड्या भरायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिची हनुवटी पदराखाली असे. गाडी सुटली की ती पदर सैल करी आणि बोटांनी आधी काखेत, मग गळ्यावरून काखेकडे हळूहळू कुरवाळत राही. कातडी जेमतेम हलायची. सकाळी फुगलेला गळा जालना येईपर्यंत पुष्कळ उतरलेला दिसे.

एकदा मी विचारलंच. तिच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, नंतर रेडिएशनचा शेकही दिला होता. काही महिन्यांनी हनुवटीखाली सूज आली.

“मला वाटलं, गाठ परत आली,” ती म्हणाली. “घरात कुणाला बोलले न्हाई. धाकट्या पोरीला स्थळं बघाया लागले, आपण जायच्या आत उरकावं म्हणून.”

शेवटी ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तपासून सांगितलं, गाठ नाही, नुसतं पाणी साठलंय.

“ते पाणी उतरवायला सिस्टरनं चोळायचं शिकवलं, तर मी जोरात रगडू लागले. तिनं हात धरला. म्हणली, बांगडी भरताना हात मऊ ठेवता ना, तसा ठेवा. मंग बराबर जमलं.”

“आणि मुलीचं लग्न?”

“ती म्हणती, कॉलेज करते. म्हटलं, कर. आता मला काय जल्दी हाय?”

पुढची वर्षं आपलीच आहेत असं धरून बोलणारा माणूस किती देखणा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं.