एसटीतल्या अंगणवाडीच्या ताई

आमच्या जिल्ह्यातल्याच वाशीहून नोकरीवरून धाराशिवला परतताना एक अंगणवाडीच्या ताई रोज वाटेत एसटीत चढून माझ्या शेजारी बसायच्या. बसल्या की पदरावर वाळलेला खिचडीचा डाग नखानं खरवडायच्या, मग डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायच्या. मला वाटायचं, थकून झोपतात. आमचं बोलणं कधी झालं नव्हतं.

एकदा त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मी विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?"

"बाई, माजं एक लेकरू आज आईबापासंगं ऊसतोडीला गेलं. रोज माज्या मांडीवरच झोपायचं." त्यांनी डोळे पुसले. "पोरांम्होरं रडलं तर पोरं भेत्यात. घरी रडावं, तर जवळ बसायला घरात दुसरं कुणीच न्हाय. म्हून इथंच जरा बसते अशी."

दिवसभर लेकरांना हसवणाऱ्या बाईला रडायलाही जागा शोधावी लागते, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

त्यांचा फाटा आला. गाडी थांबली, पण त्या उठल्या नाहीत.

"ताई, उतरायचं न्हाय का?" कंडक्टरनं विचारलं.

"पुढच्या फाट्यावर उतरते," त्या म्हणाल्या. "जाईन माघारी चालत."