फर्गसचं नाक

फर्गसने पहिल्या भेटीत मला पाहिलं नाही, हुंगलं. न्युरेम्बर्गमधल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत माझा पहिला दिवस होता. नवा सूट, नवे बूट, हात पुढे करून मी उभा. समोर तांबूस दाढीचा, दारातून मान वाकवून आत येणारा एक माणूस. हात मिळवण्याआधी त्याने माझ्या खांद्याशी नाक आणलं, डोळे मिटले आणि, मला बऱ्याच महिन्यांनी कळलं त्याप्रमाणे, म्हणाला, "तुझं कपड्यांचं कपाट स्वयंपाकघराला लागून आहे. मोहरी ओळखली. पण ते दुसरं काय? कुजलेल्या लसणासारखं, पण प्रेमळ?"

ते हिंग होतं. आणि ते कुणाला कळू नये म्हणून सकाळी मी अर्धी बाटली सेंट अंगावर ओतून आलो होतो.

फर्गस स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातला. त्याचं इंग्रजी मला सहा महिने कळलं नाही. मी समजत होतो की हा इथली गावरान जर्मन बोलतो, आणि आमचे जर्मन सहकारी समजत होते की तो माझ्याशी माझ्या भाषेत बोलतो. त्यामुळे आम्हा दोघांची जेवणाची टेबलं आपोआप एकत्र आली. तो डबा उघडण्याआधीच आतली भाजी सांगायचा. "आज बायको चिडलेली होती. कांदा घाईत परतलाय," असंही सांगायचा, आणि ते खरं असायचं.

आमच्या खात्यात पंप चाचणीला लावले की त्यांचा थरथराट मोजायचं काम माझं. माझ्याकडे आठ सेन्सर, दोन पडदे आणि पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजची पदवी. फर्गसकडे नाक. एकदा पाहुणे यायचे होते त्या सकाळी तो पंपापाशी वाकला आणि म्हणाला, "बेअरिंग तापतंय." मी पडदा दाखवला. सगळे आकडे हिरवे. "नाकाला हिरवं-लाल कळत नाही," तो म्हणाला. मी सही ठोकली. चाळीस मिनिटांनी, पाहुणे हातात कॉफी घेऊन उभे असताना, पंपाने एक लांबलचक किंकाळी फोडली आणि जागीच बसला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. फर्गस माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "घाई असेल तर पाणी पी."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या मते जगात घाईघाईत करता येण्यासारखी एकच गोष्ट आहे, पाणी पिणं. बाकी सगळ्याला वेळ लागतो आणि तो द्यावा.

तो स्वतः ज्या गोष्टीला वेळ देत होता ती जिन होती. साधारण दोन हजार चौदा-पंधराचा काळ. बर्लिनपासून कोलोनपर्यंत ज्याला त्याला स्वतःची जिन काढायची हौस आली होती. फर्गसची मात्र हौस नव्हती, जायची वाट होती. त्याला घरी परतायचं होतं. खेड्यात समुद्राकाठी त्याच्या वडिलांची दगडी शेड होती. तिथे ते मासे धुरावर वाळवायचे. वडील गेल्यावर ती थोरल्या बहिणीच्या, मोराच्या, ताब्यात आली. फर्गसला तिथे तांब्याची एक छोटी भट्टी बसवायची होती. मोराने कळवलं होतं, "नव्या वर्षाच्या आत बाटली घेऊन ये. मला पटली तर शेड तुझी. नाहीतर दाताचे डॉक्टर त्यांची होडी ठेवायला मागताहेत, त्यांना देते."

"ती पट्टीची पिणारी आहे का?" मी विचारलं.

"थेंब घेत नाही," फर्गस म्हणाला. "पण नाक आमच्या घराण्यात मला दुसऱ्या क्रमांकाचं मिळालंय."

शिकायला तो तीन वर्षं दर शनिवारी फ्राउ हेर्टाकडे जायचा. न्युरेम्बर्गपासून तासाभरावर, चेरीच्या बागांच्या गावात ही ऐंशीची बाई सासऱ्याच्या काळापासूनच्या भट्टीवर फळांची दारू गाळायची. तिकडे हे सगळं कायदेशीर, पण कायदा जर्मन. कोणत्या दिवशी, किती वाजता आग पेटणार आणि किती वाजता विझणार हे आधी त्सोलच्या, म्हणजे जकातीच्या, कचेरीला लिहून कळवायचं. बाराची वेळ दिली असेल तर बारा वाजून एक मिनिटाला चुलीत निखारा दिसता कामा नये.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा नळीतून स्वच्छ धार पडायला लागताच पेला पुढे केला. फर्गसने हातावर फटका मारला.

"अरे, आमच्याकडे पहिल्या धारेचीच मागतात!" मी म्हणालो.

"ती विषारी असते," तो म्हणाला. "हेर्टा तिने खिडक्या पुसते."

"आणि गुडघे," हेर्टा म्हणाली.

मग तो नळीपाशी स्टुलावर बसला. थोड्या थोड्या वेळाने धारेखाली बोट धरायचा, हुंगायचा, मान हलवायचा. अर्ध्या तासाने एकदम म्हणाला, "आता," आणि भांडं बदललं. मी दोन्ही भांडी हुंगली. मला दोन्हींत दवाखाना आला.

तीन वर्षांनी त्याची कृती जमली. ज्युनिपरच्या झुडपाची, जिनला तिचा वास देणारी काळी बोरं, धने, संत्र्याची साल आणि कसलीशी मुळी. त्याच सुमारास हेर्टाच्या गुडघ्यांनी मात्र असहकार पुकारला. नोव्हेंबरातला एक शनिवार, सकाळी सहा ते दुपारी बारा, ही तिची शेवटची नोंदवलेली वेळ. सोमवारी त्सोलचा माणूस येऊन भट्टीला कायमचा शिक्का मारणार होता. मोराची बाटली त्या सहा तासांत निघाली तर निघाली.

आणि इथे मी शिरतो.

फर्गसने राजीनामा दिला होता. घर सोडताना भिंती पांढऱ्या करून द्यायच्या असतात, म्हणून त्याच्या घरभर रंगाचा वास. मसाल्याला तो लागू नये म्हणून त्याने मोजूनमापून बांधलेली पुडकी शुक्रवारी माझ्याकडे आणून दिली. "तळघरात ठेव. उद्या सकाळी गाडीत घेऊन ये. मधल्या वेळात काहीही करू नकोस. काहीच न करणं, एवढंच तुझं काम."

मला आयुष्यात कुणी इतकं सोपं काम दिलं नव्हतं.

त्या वेळी माझ्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. माझी बायको मृणाल त्या संध्याकाळी कामावर होती, म्हणजे घरात विचार करणारं कुणी नव्हतं. आईंनी पुडकी उघडून पाहिली.

"अविनाशराव, हे काय आहे हो?"

"फर्गसचा मसाला आहे, आई. उद्या भट्टीत घालायचा."

"हा असा? कच्चाच?"

"असावा."

"धनेसुद्धा?" आईंनी दोन दाणे चावले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की लग्न ठरवताना आपलं काय चुकलं ते त्यांना आता कळलं असावं. "अहो, बिचाऱ्याला आई नाही म्हणता ना? मग कोण सांगणार त्याला! भाजल्याशिवाय स्वाद कसा सुटेल? दोन थेंब तेलावर, मंद आचेवर. पाच मिनिटांचं काम."

आता सगळा दोष आईंवर ढकलता येईल, पण उलथनं माझ्या हातात होतं. मला ते पटलं. धने खमंग झाले. बोरं तडतडली, त्यांच्यातून राळेचा धूर निघाला आणि छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलायला लागला. तो बंद करायला मी स्टुलावर चढलो, तोवर बोरांना आणखी थोडा रंग आला. साल आणि मुळी आईंनी वाचवली. "हा काडीकचरा दिसतोय, राहू द्या." मृणाल आली, दारातच थबकली आणि म्हणाली, "कुणाची मुंज आहे?"

मी खुशीत होतो. न सांगता मित्राचं काम सुधारून ठेवलं होतं.

सकाळी साडेपाचला फर्गस गाडीत बसला. दार लावलं. बेल्ट लावायला घेतला आणि हात तिथेच थांबला.

"अवि, काय केलंस?"

"काही नाही. भाजलं."

"का?"

"कच्चं होतं."

तो खाली उतरला. थंडीत फूटपाथवर उभं राहून त्याने पुडकं उघडलं आणि बराच वेळ नाक आत ठेवलं. मला वाटलं, आता हा माणूस मला मारणार. "वास छान आहे," शेवटी तो म्हणाला. "तेच वाईट झालं. हे रात्रीचं जेवण आहे, जिन नाही." मग पुन्हा आत बसला. रस्ता दिसावा इतकं उजाडलं तेव्हा मी त्याच्याकडे चोरून पाहिलं. तो पुढे बघत होता आणि अंगठा बेल्टच्या कडेवरून सारखा फिरत होता. तेव्हा मला कळलं, मी बोरं नाही, त्याची शेड भाजली.

हेर्टाने चूल पेटवली होती. पुडकं पाहून तिने विचारलं, "हे कोणी केलं?"

मी तोंड उघडण्याआधीच फर्गस म्हणाला, "मी. ह्याला काहीच न करण्याचं काम दिलं. ते सगळ्यात अवघड काम आहे. आधी शिकवायला हवं होतं."

हेर्टाने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग फडताळातून कोबी आंबवताना घालायची बोरं असलेली बरणी काढली. तळाशी मूठभरच होती. "गावात प्रत्येक घरात असतात," ती म्हणाली. "धनेही. पावात घालतात. पळ."

सात वाजता मी त्या गावात पितळी वाडगा घेऊन दारोदार निघालो. माझ्या आजोबांनी शिकताना माधुकरी मागितली होती असं घरी फार अभिमानाने सांगत. मला ती जर्मनीत मागावी लागेल असं कुणी म्हटलं नव्हतं. पहिल्या दारात एका आजोबांनी विचारलं, "बोरं कशाला? रानडुकराला?" मी घाबरून "या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी बरोबर, म्हणालो. त्यांनी बोरं दिली, वर दोन तमालपत्रं दिली आणि डुकराचा रस्सा कसा करायचा हे दहा मिनिटं समजावलं. दुसरीकडे कुत्रं. तिसरीकडे एक बाई म्हणाल्या, धने आहेत, पण शहाजिऱ्यात मिसळलेले. मी तसेच घेतले. पाच घरं झाली.

परत आलो तेव्हा फर्गस ओट्यावर बसला होता. प्रत्येक घरची मूठ वेगळी हुंगायचा. "ही जुनी. ही ओल्या कपाटातली. ही चांगली, हिच्या घरात कुणीतरी गातं." मला वाटलं चेष्टा करतोय. हेर्टा म्हणाली, "गातात, चर्चमध्ये."

धन्यांतून शहाजिरं वेगळं कोण करणार? मी ताट मागितलं. मांडी घातली आणि निवडायला बसलो. तांदूळ, डाळ, शेंगदाणे... लहानपणी सुट्टीत आईने दुसरं काही करू दिलं नव्हतं. दोन बोटं आपोआप चालायला लागली. फर्गस बघत राहिला. "अवि, हे येतं होय तुला!" सबंध ओळखीत त्याने माझं केलेलं हे एकमेव कौतुक.

भट्टी चढेपर्यंत नऊ वाजले. अकरा झाले तरी धार बारीक. "जरा आच वाढवू या का?" मी विचारलं. हेर्टानेही चिमटा उचलला होता. फर्गस बोट धारेखाली धरून डोळे मिटून बसलेला. शेडच काय, सगळं आयुष्य त्या नळीच्या टोकाला लोंबत होतं, आणि तो म्हणाला, "घाई असेल तर पाणी पी."

मी खरंच पाणी प्यायलो. तीन पेले.

बाराला हेर्टाने चुलीवर पाणी ओतलं. अजून निम्म्याहून जास्त आत होतं. वीस बाटल्यांच्या जागी आठ निघाल्या. हेर्टा तांब्यावर हात ठेवून उभी राहिली आणि कुणाचं लक्ष नाही असं वाटून तिने भट्टीला पाठीवर थोपटावं तसं थोपटलं.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी फर्गसचा फोन आला. "मोराने बूच काढलं. हुंगलं. म्हणाली, ह्यात एका घराचा वास नाही, बऱ्याच घरांचा आहे. मग बूच लावलं."

"मग?"

"मग चहा केला."

"अरे, मग?"

"घाई असेल तर..."

"फर्गस!"

"शेडची किल्ली चहाच्या बशीत होती."

जानेवारीत तो घराच्या किल्ल्या परत करायला आला. स्टेशनवर निरोप देताना मी हात पुढे केला. त्याने माझ्या खांद्याशी नाक आणलं, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. "हिंग आहे," म्हणाला, आणि गाडीत चढला. त्या दिवशी मी सेंट लावलं नव्हतं.

दोन वर्षांनी पार्सल आलं. त्याच्या शेडमधली पहिली विक्रीची बाटली. बोरं अजून त्याच गावातून, त्याच पाच घरांतून मागवतो, असं चिठ्ठीत होतं. मागच्या लेबलावर, कायद्याने लिहावं लागतं त्या सगळ्याच्या खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती: "ह्यातलं काहीही भाजलेलं नाही." स्कॉटलंडात ती बाटली विकत घेणाऱ्या प्रत्येक माणसाला माझी अक्कल माहीत होते, फक्त नाव माहीत होत नाही.

सुट्टीत पुण्याला जाताना बाटली घेऊन गेलो. आईंना लेबलाचा अर्थ सांगितला. त्यांनी चष्मा लावला, बूच काढलं आणि लांबूनच वास घेतला.

"चांगलं आहे हो," आई म्हणाल्या. "पण जरा कच्चट येतंय."

मी तिथूनच फर्गसला फोन लावला आणि शब्दन्‌शब्द सांगितलं. पलीकडे समुद्राचा आवाज येत होता.

"अवि," तो म्हणाला, "त्यांना विचार, किती थेंब तेल?"