हौसाचा रिपोर्ट

कोपरखैरण्याच्या गावात यशोदाबाईंचं चार मजली घर आहे. वर भाडेकरू, मधे घरची माणसं आणि तळाला पार्किंग. पार्किंगमध्ये गाडी मात्र एकही नाही. तिथे एक घोडी बांधलेली असते. पांढरीशुभ्र, लांब मानेची. नाव हौसा.

नव्या शहरासाठी शेतं गेली तेव्हा गावातल्या कुणी टेम्पो घेतला, कुणी बिल्डर झाला. यशोदाबाईंच्या नवऱ्याने, नामदेवने, लग्नाच्या वरातीत चालवायला घोडी घेतली. का घेतली ते यशोदाबाईंना आजपावेतो कळलेलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "बैल गेले तं दावन रिकामी दिसतं." आता चार मजली घराला दावण कसली, पण नामदेवपुढे हे कोण बोलणार?

सकाळी उठला की तो आधी खाली जायचा. खरारा, चारा, गप्पा. वर चहा गार व्हायचा. यशोदाबाई जिन्यातून हाक मारायच्या, "तिलाच सांगा चहा कराला!" घोडीला मात्र त्या कधी नावाने हाक मारत नसत. 'ती' म्हणायच्या. गावातल्या बायका तिला सरळ यशोदेची सवत म्हणायच्या आणि यशोदाबाई ते नाकारायच्याही नाहीत.

तर त्या लग्नसराईत असं झालं. कळंबोलीला एका वरातीत दोन घोड्या मागवल्या होत्या, एक हौसा आणि एक बाहेरगावची. पुढे ती बाहेरगावची घोडी आजारी पडली आणि तिला ग्लँडर्स निघाला. हा रोग घोड्यांचा. नाक वाहतं, अंगावर गाठी येतात. घोड्याला लागण झाली की औषध करत नाहीत, इंजेक्शन देऊन त्याला कायमचं निजवतात. कारण हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, आणि माणसाला झाला की जिवावर बेततो.

सरकारी खात्याची डॉक्टर आली, मिस्बाह नावाची. पनवेलकडची कोकणी मुसलमान घरातली मुलगी, अंगाने काडीसारखी, पण हौसाची मान अशी धरली की घोडी गप उभी. हौसाचं नाक वाहत होतं. मिस्बाहने रक्त काढलं आणि कोणी आत जाऊ नये म्हणून पार्किंगभोवती पट्टी बांधली.

"काही नाय हो म्याडम," नामदेव हसत म्हणाला, "सर्दी हाय तिला." एवढं बोलून त्याने खांद्यावरच्या टॉवेलने हौसाचं नाक पुसलं, त्याच टॉवेलने स्वतःचं कपाळ पुसलं, आणि तो खोकायला लागला. चांगला वाकून खोकला.

मिस्बाहची नजर घोडीवरून नामदेववर आली. "काका, खोकला कधीपासून आहे?"

"ह्यो? हळदीला बर्फाचा पानी प्यालो ना..."

"ताप?"

"ताप अंगातच हाय त्यांच्या," यशोदाबाई मागून म्हणाल्या. "चार दिस झाले. सांगून ऐकतील तं शपथ."

त्याच दुपारी नामदेव इस्पितळात गेला. छातीचा फोटो काढला, फुप्फुसात सूज दिसली. घोडीवाला आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं. भेटायला कोणी जायचं नाही, काचेतून बघायचं. मुलगा हितेश काचेबाहेर बसून राहिला.

आणि घोडीचं कोण करणार? हितेश इस्पितळात, सून सुचिताचं लेकरू अंगावर पिणारं, तिला खाली पाठवायची सोय नाही. राहिल्या यशोदाबाई. मिस्बाहने त्यांना मास्क, चष्मा, हातमोजे, प्लास्टिकचा झगा असं सगळं घालायला शिकवलं. घालून झाल्यावर यशोदाबाईंनी आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "लग्नात एवढी नव्हती नटली मी."

पण विनोद वरवरचा होता.  त्यांनी मिस्बाहला बाजूला घेऊन विचारलं, "बाय, खरा सांग. ह्यांना त्योच रोग झालाय काय?"

"मावशी, काकांच्या तपासणीला वेळ लागेल. पण हौसाचा रिपोर्ट आधी येईल." मिस्बाहने त्यांच्या झग्याची नाडी घट्ट केली. "हौसाला नसेल, तर काकांना तो तिच्यापासून झालेला नाही. फक्त एक सांगा, त्या दुसऱ्या घोडीला काकांनी हात लावला होता का?"

"छे गो! दुसऱ्याच्या घोडीकडं ते बघत पन नाय. हौसाला राग येतो म्हनं."

मिस्बाहला हसू आलं. "मग झालं. आता सगळं हौसाच्या रक्तावर."

यशोदाबाई झगा-मास्क उतरवून तडक गावदेवीच्या देवळात गेल्या. आदल्या दिवशी त्यांनी नवऱ्यासाठी ओटी बोलली होती. आता त्यात बदल करणं भाग होतं. हात जोडून म्हणाल्या, "आई, आदी तिला बरी ठेव. मग ह्यांचं बघ." इतकी वर्षं त्या घोडीच्या तक्रारी घेऊन येणारी बाई आज तिच्यासाठी पदर पसरते, हे बघून देवीही जरा सावरून बसली असेल.

घरी आल्यावर वेगळंच संकट. हौसा खाईना. प्लास्टिकचा झगा सळसळला की कान मागे टाकायची, मागे सरायची. हरभरा तसाच, चारा तसाच. यशोदाबाईंनी आधी गोंजारलं, मग दरडावलं, मग शिव्या घातल्या. कशाचा उपयोग नाही. शेवटी त्यांनी नामदेवला फोन लावला आणि फोन घोडीच्या कानाशी धरला.

"खा गो माजे बाय," तिकडून बसक्या आवाजात नामदेव बोलायला लागला. "मी येतंय ना. माजी गुनाची ती. राग नको धरू, पोटात घाल दोन घास..."

हौसाने कान पुढे केले. मान खाली घातली आणि हरभरा खायला लागली. नामदेव बोलतच राहिला, मधेमधे खोकत. यशोदाबाई हात वर धरून उभ्या, चष्म्याच्या आत डोळे भरलेले. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस आपल्याशी असं कधी बोलला नाही, हे त्यांच्या मनात आलंच. न यायला त्या काय दगड आहेत?

घमेलं रिकामं झालं तेव्हा त्यांनी फोन आपल्या कानाला लावला. "झाले लाड? गोळी घेतलीत काय?"

"हां."

"हां कसला हां! माज्याशी बोलताना आवाज कुठं जातो तुमचा?"

तिकडून नामदेव हसला, आणि हसताना पुन्हा खोकला. तो खोकला ऐकून यशोदाबाईंचा राग कुठल्या कुठे गेला.

मग रोज असंच चाललं. सकाळ-संध्याकाळ फोन कानाशी आणि घमेलं तोंडाशी. यशोदाबाई हौसाच्या नाकाकडे बघत बसायच्या, जसं तापलेल्या पोराच्या तोंडाकडे बघावं. आज कमी वाहतंय का? गाठ तर नाही ना आली? हितेश एकदा म्हणाला, "आई, पॉझिटिव्ह आला तं तिला ठेवता येनार नाय. मनाची तयारी ठेव."

"तिला नाय ठेवली तं तुज्या बापाला कोन ठेवील?" यशोदाबाई म्हणाल्या आणि हरभरा भिजवायला गेल्या.

समोरच्या गॅलरीतून शेवंताबाई रोज हा तमाशा बघायची. एकदा राहवलं नाही तिला. "यशोदे, सवतीची लई सेवा करतंस गो!"

यशोदाबाईंनी शेणाची पाटी खाली ठेवली, मास्कमधून आवाज चढवला. "सवत नाय ती! माज्या नवऱ्याचा रिपोट हाय. चार पायांवर उभा हाय बग!"

 दुपारी शेवंताबाईने गवताची पेंढी गेटाला आणून ठेवली, आणि लांबूनच पळाली.

रिपोर्ट आला तो एका सकाळी, उन्हं चढल्यावर. मिस्बाहची स्कूटर गल्लीत शिरली आणि यशोदाबाईंनी हातातली रिकामी पाटी खाली टाकली. पोरीने हेल्मेट काढलं. तोंडाला मास्क नव्हता. आणि एवढी शिकलेली डॉक्टर, पण गेटातूनच ओरडली, "मावशी, निगेटिव्ह!"

"नीट सांग! कोरोनापासना त्या शब्दाची धास्तीच हाय मना. हाय का नाय?"

"नाही, मावशी! हौसाला रोग नाही. वरातीत ते रंगीत धुराचे फटाके लावतात ना, त्यानं तिचं नाक चिडलंय. नियमाप्रमाणे अजून एकदा रक्त घेईन, पण मला काळजी वाटत नाही."

"आनि हे?"

"मी तिथल्या डॉक्टरांशी बोलूनच आले. साधा न्यूमोनिया आहे, औषध लागू पडलंय. आज त्यांना बाहेरच्या वॉर्डात आणतायत."

यशोदाबाई पाटीवरच बसल्या. पाटी उलटी होती हे नशीब. हसल्या, रडल्या, मिस्बाहच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. घोडीकडे वळून म्हणाल्या, "सुटलीस गो हौसा!" पहिल्यांदाच नावाने. मग वर गेल्या, आंघोळ केली आणि सुचिताला म्हणाल्या, "वाढ मना. भूक लागलीय." बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. किती भाकऱ्या खाल्ल्या ते सुचिताने मोजलं नाही, पण दुसऱ्यांदा तवा ठेवावा लागला. हात धुऊन त्या पंख्याखाली आडव्या झाल्या त्या अशा झोपल्या की पोराचं रडणं नाही, कुकरची शिट्टी नाही, कशाने हलल्या नाहीत.

जागल्या तेव्हा दिवेलागण होत आली होती. दचकून उठल्या. "अगो, फोन! तिच्या खान्याची वेळ टळली!"

"मी गेलेली खाली, आई. बाबांचा फोन आलेला," सुचिता पोराला मांडीवर घेऊन हसत होती. "हितेशनी लावून दिला. मी सांगितलं, आई झोपलीय, आनि विचारलं, फोन तिच्या कानाशी धरू काय? तर म्हनले, नको, झोपू दे, लई दमलीय ती."

"हां," यशोदाबाई केस बांधत म्हणाल्या. "दमलीच हाय बिचारी. किती दिस उभी हाय ती."

"मी पन तसंच समजले. म्हटलं, बाबा, हौसा जागीच हाय, चारा खातेय." सुचिताला हसू आवरेना. "तर बाबा माज्यावर खेकसले. म्हनले, हौसाचं कोन बोलतंय? मी तुज्या सासूचं बोलतंय!"