शेंगा सोलणारं समाजशास्त्र

कोणाच्याही घरी गेल्या की आमच्या बाई पाण्याच्या आधी सूप मागत. तुरीच्या शेंगा सोलायच्या असोत की डाळ निवडायची असो, भिंतीला टेकून बसायचं आणि हात चालू करायचे. प्रश्न विचारायची घाई त्यांना कधी नसे. वर्ध्याच्या कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवायच्या आणि मी संख्याशास्त्र. संशोधन ही टेबलामागे बसून करायची गोष्ट आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. सूप हे त्याचं साधन असल्याचं निदान माझ्या पुस्तकांत तरी नव्हतं.

बाई मूळच्या आष्टीकडच्या. वर्गात चोख पुस्तकी मराठी बोलत, पण राग आला किंवा आनंद झाला की वऱ्हाडी उसळून येई. "अजी सर," त्या मला म्हणत, "रिकाम्या हातानं बसलेला माणूस पाहुणा होते. अन् पाहुण्याले जे आवडते, तेच लोकं त्याच्या ताटात वाढतात."

सत्तरच्या दशकात आमच्या जिल्ह्यात सर्वेक्षणांचं पीक कपाशीपेक्षा जोमात होतं. पाचवीचे काही नवे वर्ग उघडायचे होते. ते कुठे, हे ठरवण्यासाठी एक पथक गावोगाव फिरलं. सिंदीच्या पुढच्या एका गावात मुलगे पाचवीला जात, मुली मात्र चौथीनंतर घरी बसत. पथक दुपारी जीपने आलं, गावातले पुरुष चावडीवर जमवले, प्रश्नावल्या भरल्या आणि 'पालकांची उदासीनता' असा निष्कर्ष घेऊन संध्याकाळच्या आत परतलं. उदासीन गावाला वर्ग मिळणार नव्हता; तिथे प्रबोधनाची व्याख्यानं व्हायची होती. अहवालाची कोष्टकं मीच तपासली. बेरजा बिनचूक होत्या.

बाईंनी अहवाल वाचला आणि स्टाफरूममध्ये चहाचा कप दाणकन ठेवला.

"एकच बाप. पोरासाठी हुशार अन् पोरीसाठी उदास? काऊन?"

"हुंडा, लग्न, गरिबी..." मी पर्याय सांगू लागलो.

"हे तं तुमच्या प्रश्नावलीतच छापलं हाये. गावाले काय म्हणायचं हाये?"

रविवारी त्यांनी मला सोबत नेलं. वेणू नावाच्या चौथीतल्या मुलीच्या अंगणात आम्ही बसलो. बाईंपुढे शेंगांचं सूप आलं आणि माझ्यापुढे, कोणी न विचारता, लसूण. शेजारच्या बायाही येऊन बसल्या. कोणाची सून माहेरी गेली, कोणाची म्हैस आटली, सगळं झालं. शाळेचा विषय बाईंनी काढलाच नाही. लसूण संपत आला तेव्हा वेणूची आईच म्हणाली, "पोरगी लय रडून राह्यली हो बाई. पाचवीले जातो म्हनते."

"मंग जाऊ दे नं व."

"कशी जाऊ देऊ? शाळा रुळाच्या तिकडं. शाळेच्या टायमाले मालगाडी उभी राह्यते सिग्नलसाठी. फाटक पार तिकडं लांब. पोट्टे डब्याखालून निंगून जातात. पोरीनं लोकाइदेखत डब्याखालून रांगावं? अन् परकर अडकला अन् गाडी सुटली तं?"

माझ्या हातातली पाकळी तशीच राहिली.

"चावडीवर हे कोणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

बाया हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, मानसाइले मालूम असन तं सांगतीन नं! त्या टायमाले ते वावरात राह्यतात. बापाले कळलं तं पोट्टेबी घरी बसवन. तुमीबी सांगू नोका."

म्हणजे पुरुषांना माहीत नव्हतं आणि आयांनी मुलांच्या शाळेसाठी ते पोटात ठेवलं होतं. उदासीनतेचा हा प्रकार माझ्या कोष्टकात बसेना. बाईंपुढे वेगळाच पेच होता: कारण सांगितलं नाही तर मुलींचा वर्ग जाणार, आणि गावभर झालं तर मुलांचीही शाळा सुटणार.

अहवाल मंजूर करायच्या सभेत शिक्षण खात्याचे साहेब अध्यक्ष होते. बंद गळ्याचा कोट, गळ्यात हार आणि प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करण्याची सवय. बाई उठल्या आणि म्हणाल्या, निष्कर्ष चुकीचा आहे.

"नमुना किती घरांचा घेतलात?" साहेबांनी विचारलं.

"एका अंगणाचा."

सभागृह हसलं. "यात शास्त्र कुठे आहे, बाई?"

"उद्या शाळेच्या वेळी दाखवते. फक्त जीप आणू नका. अन् हारही."

साहेब आले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. मालगाडी उभीच होती. दप्तरं छातीशी धरून पोरं डब्यांखाली शिरली आणि पलीकडे उगवली. अलीकडे वेणू आणि तिच्या मैत्रिणी नुसत्या बघत उभ्या होत्या. साहेब वाकले, चाकांकडे पाहिलं. तेवढ्यात गाडीला हिसका बसला आणि डब्यांतून खडखडाट धावत गेला. साहेब ताठ झाले. त्यांनी घसा साफ केला नाही.

"पाचवी रुळाच्या अलीकडे भरेल," ते म्हणाले.

अहवालात कारण 'भौगोलिक अडचण' असं पडलं. इतका निरुपद्रवी शब्द वाचून कोणत्याही बापाने मुलाला घरी बसवलं नसतं; तो बाईंनीच सुचवला होता. समाजमंदिरात वर्ग सुरू झाला त्या दिवशी सगळ्या मुली आल्या. डब्याखालून जाणारी पोरंही आली, जराशी हिरमुसून. बायांनी बाईंना सूपभर शेंगा दिल्या आणि बाई एसटीत वर्ध्यापर्यंत त्या सोलत आल्या. "पाह्यलं का सर," इतकंच म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत मोठ्याने हसल्या.

पुढे बाई निवृत्त होऊन आष्टीला गेल्या. निरोप समारंभात त्यांच्या 'संशोधनपर योगदाना'वर भाषणं झाली. बाई शेवटच्या रांगेत शिपायाच्या बायकोशी लोणच्याबद्दल बोलत होत्या.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एक तरुण शिक्षिका शाळाबाह्य मुलांची पाहणी करत आमच्या गल्लीत आली. तिने मला ओळखलं. मला तिने नाव सांगितल्यावर ओळख पटली. कागद तिने पिशवीतून काढलेच नाहीत. ओट्यावर बसली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, निवडायचं काई असन तं द्या नं."

आतून तांदळाचं सूप आलं. सोबत लसणाची टोपलीही होती. वेणूने ती माझ्याकडे सरकवली.