रांगेतली सातवी

घामाने ओल्या हातमोज्यांचा कुबट वास आला की जपानमधल्या योकोहामातली ती बर्फाची रिंक आठवते. आइस हॉकीच्या संघात डिफेन्सच्या सहा जागा होत्या आणि आम्ही अकराजणी. कोचनी सहा नावं वाचली, त्यात माझं नव्हतं. आम्ही उरलेल्यांनी तिथल्या रीतीप्रमाणे वाकून आभार मानले आणि निवडलेल्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या. दारापाशी आई भडकली, "पाणी भरायला येतेस का गं इथे? चल घरी!" मी घरी गेले नाही, सरळ सरावाच्या रांगेत सातवी जाऊन उभी राहिले. "जागा नाहीये," कोच म्हणाले. मी अख्ख्या बर्फाकडे बोट दाखवलं, "एवढी आहे की!" त्या सहाजणींनी खेळ केव्हाच सोडला. माझे हातमोजे आजही ओलेच आहेत.